भुईआवळी: काढताना आणि घेताना या चुका टाळा

मृगाचे दोन-चार पाऊस झाले की नागपुरात मूठभर माती मिळेल तिथे भुईआवळी उगवते. कुंडीत, अंगणातल्या फरशांच्या फटीत, सोयाबीनच्या धुऱ्यावर, काटोल-कळमेश्वरच्या संत्राबागांत. निंदणाऱ्या बाया तिला गवताबरोबर उपटून टाकतात, आणि घरात कुणाला कावीळ होऊन डोळे पिवळे झाले की त्याच घरातली माणसं रसासाठी तिला शोधत वावरभर फिरतात. आयुर्वेदात भूम्यामलकी किंवा तामलकी म्हणून आलेली ही जुनी औषधी आहे आणि मला तिच्याबद्दल आदर आहे. म्हणूनच तिच्या नावाखाली होणाऱ्या चुका बघवत नाहीत. त्यातल्या काही किरकोळ आहेत, काही थेट जिवावर बेततात.

तपासणीआधी रस सुरू करणे

सगळ्यात मोठी चूक हीच. डोळे पिवळे होणं हा आजार नाही, लक्षण आहे, आणि त्याच्यामागे बरीच कारणं असू शकतात. दूषित पाण्यातून येणारा हिपॅटायटिस ए किंवा ई, रक्तातून पसरणारा बी किंवा सी, दारूने खराब झालेलं यकृत, पित्तनलिकेत अडकलेला खडा, मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस. खडा असेल तर लघवी गडद होते, शौच पांढरट मातीसारखं होतं, अंगाला खाज सुटते. तिथे नलिका मोकळी करावी लागते, आणि कुठल्याही पाल्याचा रस ते काम करत नाही.

आपल्या विदर्भात आणखी एक कारण कायम लक्षात ठेवायला हवं: सिकलसेल. या आजारात तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यामुळे डोळे अधूनमधून पिवळे दिसतात. अशा मुलाला दरवर्षी ‘कावीळ झाली’ म्हणून रस पाजला जातो, चार दिवसांत पिवळेपणा आपोआप उतरतो, रसाचं नाव होतं आणि खरा आजार वर्षानुवर्षं कळतच नाही. मुलाचे डोळे वरचेवर पिवळे होत असतील, हातपाय ठणकत असतील, तर सिकलसेलची तपासणी करून घ्याच. नागपुरातल्या मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत ती होते.

साध्या काविळीतही बिलिरुबिन (रक्तातलं पिवळं द्रव्य), एसजीपीटी (यकृताला झालेली इजा) आणि पीटी-आयएनआर या तपासण्या आधी करा. यातली शेवटची लोक हमखास टाळतात, पण रक्त गोठायला किती वेळ लागतो यावरून यकृत किती थकलंय ते तिच्यातूनच कळतं. रुग्ण असंबद्ध बोलू लागला, दिवसा झोपून रात्री जागू लागला, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं, तर एक तासही घरी काढू नका.

गरोदर बाईला कावीळ झाली तर घरगुती औषधाचा विचारसुद्धा नको. हिपॅटायटिस ई शेवटच्या तिमाहीत झाला तर त्यात 20 ते 25 टक्क्यांपर्यंत मृत्यू होतात. नवजात बाळाचंही तेच. त्याला रस चाटवायचा नाही, बालरोगतज्ज्ञाला दाखवायचं.

गुण कुणामुळे आला, यात गल्लत

हिपॅटायटिस ए आणि ई बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. बिलिरुबिन आधी चढतं, मग उतरतं. माणूस औषध शोधायला लागतो तोवर उतरण सुरू झालेली असते, आणि त्याच दिवसांत जे घेतलं त्याला यश मिळतं.

हिपॅटायटिस बी चं प्रकरण वेगळं आहे. या विषाणूच्या शोधासाठी 1976 चं नोबेल मिळालेले बारूच ब्लुमबर्ग यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये भुईआवळीच्या अर्कावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. 1988 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात चेन्नईचा अभ्यास आला: औषध घेतलेल्या 37 पैकी 22 जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली, औषधासारखी दिसणारी नुसती पूड घेतलेल्या 23 पैकी एकाच्याच. जगभर आशा निर्माण झाली. पण नंतरच्या चाचण्यांत तसा निकाल पुन्हा मिळाला नाही, आणि अशा सगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2011 च्या आढाव्यातही ठोस पुरावा सापडला नाही. म्हणून बी च्या गोळ्या बंद करून भुईआवळीवर राहणं ही घोडचूक आहे. त्या गोळ्या अचानक थांबवल्या की विषाणू उसळतो.

भलतंच झाड उपटणे

आवळ्याच्या पानासारखी बारीक पानं दिसली की भुईआवळी, एवढ्यावर काम भागत नाही. फांदी हातात घ्या आणि उलटी करा. पानांच्या खाली, देठाच्या बाजूने मोहरीएवढे हिरवे गोल मणी एका रांगेत लोंबताना दिसतील. मणी गुळगुळीत आणि बारीक देठावर असले, खोड हिरवं असलं, तर ती हवी तीच. खोड तांबूस, मणी खरखरीत आणि फांदीला जवळजवळ चिकटलेले दिसले तर ती तिची लाल बहीण. ही दोन्ही एकाच गड्डीत बांधून विकायला आलेली मी पाहिली आहेत.

आता देठ तोडा. पांढरा चीक आला तर ते झाड लगेच बाजूला ठेवा. भुईआवळीला चीक नसतो, जमिनीलगत पसरणाऱ्या नायटीला असतो. पानं चुरगाळून जिभेवर ठेवून ओळखायची सवय मात्र सोडा, ओळख न पटलेलं झाड चाखायचं नसतं.

संध्याकाळनंतर पानं मिटतात, मग गड्डी सुतळीसारखी दिसते आणि काहीच ओळखू येत नाही. बुधवारीत किंवा कॉटन मार्केटमध्ये घ्यायचीच तर सकाळच्या उजेडात, मुळासकट आणि फळांसकट घ्या. पोळ्याच्या सुमारास ती फळांनी भरलेली असते, तेव्हा चूक होण्याची शक्यता सगळ्यात कमी. इतवारीतल्या सुक्या चुऱ्यात कुठलं झाड आहे ते डोळ्यांनी ओळखता येत नाही, त्यामुळे सुटा चुरा मी तरी घेणार नाही. खात्री नसेल तर सक्करदऱ्याच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात दाखवता येते.

जागा न बघता काढणे

नाग नदीच्या काठावर, नालीशेजारी, उकिरड्यालगत भुईआवळी छान वाढते. तीच आणून कच्चा रस काढला तर दूषित पाण्यातून होणारी कावीळ तुम्ही पुन्हा घरात आणता. ती ज्या पाण्याने धुता-वाटता ते पाणीही उकळलेलं हवं. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या राखेच्या पट्ट्यातली आणि हायवेच्या कडेची घेऊ नका.

संत्र्याच्या बागेत तणनाशक मारलेलं असू शकतं. फवारणीनंतर काही वेळ झाड हिरवंगारच दिसतं, म्हणजे बघून काही कळत नाही. पॅराक्वाट हे तणनाशक पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. बागमालकाला विचारल्याशिवाय बागेतलं एकही रोप उपटू नका.

गवतात शिरताना पूर्ण बाह्या आणि बूट घाला, आल्यावर आंघोळ करा. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर भागात स्क्रब टायफसचे बरेच रुग्ण सापडले होते, आणि तो पसरवणारे बारीक किडे झुडपांत-गवतातच असतात. नंतर ताप आला आणि अंगावर काळी खपली दिसली तर डॉक्टरांना ती मुद्दाम दाखवा.

रसाबरोबर चालणारे बाकीचे प्रकार

नाकात कडू थेंब सोडून पिवळं पाणी काढणं सगळ्यात घातक. ते पाणी म्हणजे कावीळ नव्हे, जळलेल्या त्वचेतून येणारा स्राव असतो. नाकातून जोरात रक्तस्राव होऊ शकतो, आणि काविळीत रक्त गोठायला आधीच वेळ लागतो. काविळीसाठी गळ्यात घातलेली काड्यांची माळ सैल होत जाते ती काड्या वाळतात म्हणून, कावीळ उतरते म्हणून नव्हे.

हळद, तेल बंद करून रुग्णाला उपाशी ठेवू नका. रसवंतीचा रस पाजण्याआधी तिथला बर्फ कुठल्या पाण्याचा आहे तेही बघा.

मात्रा आणि इतर औषधं

ग्रंथोक्त मात्रा ताज्या रसाची 10 ते 20 मिलिलिटर, चूर्णाची 3 ते 6 ग्रॅम आहे. पेलाभर रस म्हणजे जास्त गुण नाही. रस रोज ताजा काढा, फ्रिजमध्ये आठवडाभर साठवू नका. सुकवायची तर सावलीत, पातळ पसरून. दमट हवेत ढीग केला की बुरशी येते, आणि बुरशीचं विष नेमकं यकृतावरच जातं.

मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू असतील तर वैद्य आणि डॉक्टर दोघांनाही सांगूनच घ्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत भुईआवळीने साखर खाली आणलेली दिसली आहे. दवाखान्यात जाताना ‘काही नाही घेतलं’ असं सांगू नका. ज्या झाडाचा रस दिला त्याची एक फांदी फळांसकट वर्तमानपत्रात दाबून सोबत न्या आणि कधीपासून किती दिला ते त्याच कागदावर लिहून ठेवा.