लग्नाची जुनी डीव्हीडी रुंद टीव्हीवर न ताणता कशी बघावी

2000 ते 2010 च्या दरम्यान झालेल्या लग्नांच्या डीव्हीडी आज घरातल्या मोठ्या टीव्हीवर लावल्या की नवरानवरी एकतर बसकी आणि जाड दिसतात, नाहीतर उंच आणि काटकुळी. कधी चित्र पडद्याच्या मधोमध लहानसं बसतं आणि चारही बाजूंनी काळं राहतं. मग ती डीव्हीडी कॉम्प्युटरवर फाइलमध्ये बदलून घेताना चूक कायमची छापली जाते, आणि मूळ डिस्क खराब झाली की आजी-आजोबांचा खरा चेहरा बघायचं साधनच उरत नाही. म्हणून बदलायच्या आधी दोष नेमका कुठे आहे ते शोधणं सगळ्यात महत्त्वाचं. तो तीन ठिकाणी असू शकतो: टीव्ही किंवा प्लेअरच्या सेटिंगमध्ये, फाइलवर लिहिलेल्या मापात, किंवा खुद्द चित्रात.

आपल्याकडच्या डीव्हीडी बहुतेक पाल पद्धतीच्या, म्हणजे भारतातल्या टीव्हीला चालणाऱ्या. त्यात चित्र बहुधा 720 गुणिले 576 ठिपक्यांचं साठवलेलं असतं, मग ते जुन्या 4:3 (रुंदी:उंची) टीव्हीसाठी असो की 16:9 साठी. हे ठिपके चौरस नसतात. डिस्कवर एक खूण असते. तिच्यावरून प्लेअरला कळतं की चित्र 768 गुणिले 576 एवढं दाखवायचं की 1024 गुणिले 576 एवढं. बहुतेक घोटाळे या एका खुणेपाशीच होतात.

पहिली पायरी: टीव्ही आणि प्लेअर तपासा

टीव्हीच्या मेनूत पिक्चर साइझ किंवा आस्पेक्ट रेशो असं काहीतरी असतं. ते झूम किंवा वाइड झूमवर असेल तर काढा. काही टीव्ही त्या पर्यायात मधला भाग नीट ठेवून फक्त कडा ताणतात, त्यामुळे कॅमेरा पंगतीवरून फिरला की माणसं कडेला जाड होतात आणि मध्ये आली की बारीक. डीव्हीडी प्लेअरच्या सेटिंगमध्ये टीव्ही टाइप असतो. तिथे जुन्या टीव्हीच्या वेळचं 4:3 एलबी (वर-खाली काळं ठेवणारं) किंवा 4:3 पीएस (कडा कापणारं) तसंच राहिलेलं असतं. ते 16:9 करा. कित्येकदा काम इथेच संपतं.

दुसरी पायरी: चाक मोजा

चेहऱ्यावरून अंदाज बांधू नका, डोळ्यांना ताणलेल्या चित्राची लवकर सवय होते. गोल वस्तू शोधा. औक्षणाचं ताम्हण चालणार नाही, ते तिरकं धरलेलं असतं. कार्यालयाच्या भिंतीवरचं समोरून दिसणारं घड्याळ, किंवा पाठवणीच्या वेळी बाजूने दिसणारं फुलांनी सजवलेल्या गाडीचं चाक उत्तम. तिथे चित्र थांबवा आणि पडद्यावर फूटपट्टी लावा.

चाक 9 सेंटीमीटर उंच आणि 12 सेंटीमीटर रुंद भरलं, तर 4:3 चं चित्र 16:9 म्हणून दाखवलं जातंय. उलटं, म्हणजे 9 रुंद आणि 12 उंच भरलं, तर 16:9 चं चित्र 4:3 मध्ये कोंबलंय. चाक गोल आहे पण चारही बाजूंनी काळं आहे, तर वर-खालच्या काळ्या पट्ट्या चित्रातच छापलेल्या आहेत. त्या काळच्या काही कॅमेऱ्यांमध्ये सिनेमासारखा दिसणारा मोड होता, तो फक्त वर-खाली पट्ट्या टाकायचा. आणि चाक गोल असून काळं फक्त डावी-उजवीकडे असेल, तर काहीही बिघडलेलं नाही. 4:3 चं चित्र रुंद टीव्हीवर असंच दिसायला हवं.

या शेवटच्या बाबतीत "पडदा भरत नाही" म्हणून चित्र कापायचा मोह होतो. कृपा करून करू नका. 16:9 भरण्यासाठी 576 पैकी 144 ओळी जातात, म्हणजे चित्राचा चौथा हिस्सा. लग्नाच्या शूटिंगमध्ये वरच्या कडेला नेमक्या मुंडावळ्या आणि खालच्या कडेला होमाजवळचे हात असतात.

तिसरी पायरी: डिस्क कॉपी करा

डिस्कवरचा व्हिडिओ टीएस (VIDEO_TS) हा पूर्ण फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. आतल्या व्हीओबी फाइल्स (यांतच चित्र आणि आवाज असतो) साधारण एकेक जीबीच्या तुकड्यांत असतात, त्यांची नावं बदलू नका. पुढचं सगळं काम या कॉपीवर करा. व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये हा फोल्डर उघडून कीबोर्डवरचं 'ए' दाबत गेलात की एकेक प्रमाण बदलत जातं. ज्या प्रमाणाला चाक गोल होतं, ते लिहून ठेवा. मग मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मुख्य व्हीओबी उघडून डिस्प्ले आस्पेक्ट रेशो बघा. दोन्ही जुळत नसतील तर खूण चुकीची आहे.

चौथी पायरी: फक्त खूण चुकली असेल तर

चित्र पुन्हा बनवायची गरज नाही. एमकेव्हीटूलनिक्स या मोफत प्रोग्रॅममध्ये मुख्य चित्रणाची पहिली व्हीओबी टाका. पुढचे तुकडे तो स्वतःच जोडून घेतो. व्हिडिओ ट्रॅक निवडून सेट आस्पेक्ट रेशोमध्ये 16/9 किंवा 4/3 द्या. काही मिनिटांत एमकेव्ही फाइल तयार होते आणि दर्जा तसूभरही कमी होत नाही. अडचण एवढीच की काही टीव्ही पेनड्राइव्हवरच्या फाइलमधली ही खूण वाचतच नाहीत. तुमचा तसा असेल तर पुढची पायरी घ्या.

पाचवी पायरी: हँडब्रेकमध्ये नवी फाइल

हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅममध्ये तो फोल्डर उघडा, सगळ्यात लांब टायटल निवडा आणि डायमेन्शन्समध्ये जा. रेझोल्यूशन लिमिट काढून टाका, ऑप्टिमल साइझची टिक काढा आणि अपस्केलिंगला परवानगी द्या. अ‍ॅनामॉर्फिक 'नन' करा म्हणजे ठिपके चौरस होतील. मग टीव्हीला खूण वाचावीच लागत नाही. कीप आस्पेक्टची टिक काढून माप स्वतः भरा: 16:9 साठी 1024 गुणिले 576, 4:3 साठी 768 गुणिले 576.

छापलेल्या पट्ट्या असतील तर क्रॉपिंग 'कस्टम' करा. 4:3 च्या आत 16:9 चं चित्र असेल तर वर 72 आणि खाली 72 ओळी कापल्या जातात, उरतं 720 गुणिले 432, आणि माप भरायचं 768 गुणिले 432. आपोआप होणाऱ्या कापणीवर विसंबू नका. हँडब्रेक मोजकीच दृश्यं बघून पट्ट्या ठरवतो. रात्रीच्या वरातीची अंधारी दृश्यं त्यात आली तर अंदाज चुकतो. जुन्या व्हीएचएस कॅसेटवरून डीव्हीडी केली असेल तर तळाला काही ओळी थरथरत्या, वाकड्या दिसतात. त्या आठेक ओळी कापायच्या तर उंचीच्या मापातूनही तेवढ्या कमी करा, नाहीतर चित्र पुन्हा किंचित ताणलं जाईल.

आता फिल्टर्स, आणि इथे घाई नको. लग्नाचं शूटिंग बहुतेक इंटरलेस्ड असतं: एका चित्रात दोन क्षणांच्या ओळी आलटून पालटून असतात. डीइंटरलेस न करता, म्हणजे त्या ओळी वेगळ्या न करता, उंची बदलली की हलत्या हातांवर कंगव्यासारख्या रेघा येतात आणि त्या नंतर निघत नाहीत. डीइंटरलेससाठी यादिफ किंवा बीडब्ल्यूडिफ निवडून 'बॉब' ठेवा, म्हणजे दोन्ही क्षणांची वेगवेगळी चित्रं होतील, आणि फ्रेम रेट 50 करा. अक्षता उडतात, लेझीम चालतं, ते मूळ शूटिंगइतकंच सलग दिसतं. क्वालिटी आरएफ (आकडा जितका कमी तितका दर्जा चांगला) 20 च्या आसपास ठेवा. 1080 पर्यंत मोठं करू नका. डिस्कवर नसलेला तपशील त्याने येत नाही, आणि पडद्याएवढं मोठं करण्याचं काम टीव्ही स्वतः करतो.

सहावी पायरी: आधी एक मिनिट

तीन तासांची फाइल लगेच लावू नका. रेंजमध्ये सेकंद निवडून ते चाक किंवा घड्याळ येतं तेवढंच एक मिनिट बनवा, पेनड्राइव्हवर घालून त्याच टीव्हीवर लावा आणि पुन्हा फूटपट्टी धरा. दोन्ही बाजू सारख्या भरल्या की पूर्ण फाइल चालू करा. पेनड्राइव्ह फॅट 32 पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही. तेव्हा मुहूर्ताआधीचे विधी आणि नंतरचे अशा दोन फाइल्स करा. मूळ व्हिडिओ टीएस फोल्डर नवी फाइल झाल्यावरही पुसू नका. त्याची एक प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या घरी ठेवा.