जेनकिन्सचं नवं व्हर्जन टाकताय? या चुका टाळा

जेनकिन्स म्हणजे कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर आपोआप तयार करणारा, म्हणजे बिल्ड करणारा सर्व्हर. त्याचं नवं एलटीएस (दीर्घकाळ सांभाळलं जाणारं स्थिर व्हर्जन) साधारण दर १२ आठवड्यांनी येतं. आपल्या सोलापुरातल्या छोट्या टीममध्ये ते टाकलं जातं तेव्हा मात्र मधली सात-आठ व्हर्जन्स निघून गेलेली असतात. अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यांचा स्टॉक आणि ऑर्डरी सांभाळणारं सॉफ्टवेअर जिथे बिल्ड होतं, ते बहुतेकदा टेबलाखालचं जुनं डेस्कटॉप असतं. "चालतंय की, कशाला हात लावायचा?" असं म्हणत ते तसंच राहतं.

पहिली चूक हीच. जानेवारी २०२४ मध्ये सीव्हीई-२०२४-२३८९७ क्रमांकाचं सुरक्षेतलं भगदाड जाहीर झालं. जेनकिन्सच्या कमांड लाइनमधून बाहेरच्या माणसाला सर्व्हरवरच्या फाइली वाचता येत होत्या. दुरुस्ती २.४४२ आणि एलटीएस २.४२६.३ मध्ये आली. घरून काम करता यावं म्हणून राउटरवर जेनकिन्सचं ८०८० पोर्ट सरळ इंटरनेटला उघडून ठेवणारे लोक गावात कमी नाहीत. तुम्ही त्यातले असाल आणि व्हर्जन याच्या आधीचं असेल, तर हा लेख नंतर वाचा, आधी ते पोर्ट बंद करा.

आता खुद्द अपग्रेड. घोडं पेंड खातं ते जावापाशी, कारण जेनकिन्स चालतं जावावर. एलटीएस २.३६१.१ पासून (सप्टेंबर २०२२) जावा ११ लागतं, २.४७९.१ पासून (ऑक्टोबर २०२४) जावा १७. पॅकेज मुकाट्याने बसतं, सर्व्हिस मात्र उठत नाही, आणि खापर फुटतं जेनकिन्सवर. 'जर्नलसीटीएल' या लिनक्स कमांडने लॉग उघडलात तर तिथे सरळ लिहिलेलं असतं की चालू जावा किमान अटीपेक्षा जुनं आहे. २.४७९.१ ला जावा २१ सुद्धा चालतं. हात घालताच आहात तर तेच बसवा.

एवढं करून मुख्य सर्व्हर उठतो आणि एजंट मशीन्स (बिल्ड चालवायला जोडलेली इतर मशीन्स) लाल दिसायला लागतात, कारण त्यांच्यावरचं जावा बदलायचं राहून गेलेलं असतं. एजंटलाही तीच अट लागू आहे. क्लायंटचा प्रोजेक्ट जावा ८ वर अडकला असेल तर घाबरू नका, बिल्डसाठी वेगळं जेडीके (जावाचा डेव्हलपर संच) देता येतं. फक्त जुन्या 'मेव्हन प्रोजेक्ट' प्रकारच्या जॉबला (जेनकिन्समध्ये नेमून दिलेल्या कामाला) ही सवलत नाही. तो फ्रीस्टाइल किंवा पाइपलाइन प्रकारात हलवावा लागेल.

जुन्या मशीनवर भेटणारं दुखणं वेगळंच. सर्व्हिस सुरू होते, दीड मिनिटाने मरते, पुन्हा सुरू होते, पुन्हा मरते. लॉगमध्ये 'स्टार्ट ऑपरेशन टाइम्ड आउट'. जावा बरोबर, डिस्कवर जागा आहे, मग झालं काय? एलटीएस २.३३२.१ पासून लिनक्स पॅकेज सिस्टिमडीवर (सर्व्हिसेस सुरू-बंद करणाऱ्या लिनक्सच्या व्यवस्थेवर) गेलं. जेनकिन्स 'मी तयार आहे' असं कळवेपर्यंत सिस्टिमडी ९० सेकंद थांबतं आणि मग त्याला मारून टाकतं. शेकडो जॉब्ज आणि जुनी हार्ड डिस्क असेल तर ९० सेकंदांत काय होणार, डोंबल? सिस्टिमसीटीएलच्या 'एडिट' कमांडने जेनकिन्सची ओव्हरराइड फाइल उघडा, सर्व्हिस सेक्शनमध्ये 'टाइमआउटस्टार्टसेक' ३०० करा, रीस्टार्ट द्या. पोर्ट किंवा मेमरीचे बदलही आता इथेच करायचे. इटीसी-डिफॉल्टमधली जुनी फाइल कितीही बदला, तिला कोणी विचारत नाही.

बॅकअपबद्दल सगळ्यांना माहीत असतं, आणि तरी घेतला जातो तो फक्त जॉब्जचा. व्हार-लिब-जेनकिन्स हा पूर्ण फोल्डर घ्या. वर्कस्पेस (बिल्ड चालताना वापरली जाणारी जागा) वगळलात तरी चालेल. त्यातला 'सीक्रेट्स' फोल्डर राहिला तर साठवलेले सगळे पासवर्ड आणि टोकन कायमचे गेले, कारण ते उलगडायच्या किल्ल्या तिथेच असतात. त्यातली मास्टर की वेगळ्या जागी ठेवा. बॅकअप नसताना नुसतं जुनं पॅकेज परत टाकलं म्हणजे मागे आलो, हाही भ्रम आहे. नव्या व्हर्जनने लिहिलेली कॉन्फिग जुन्याला वाचता येईलच असं नाही.

वेळ निवडताना आपल्या गावची वीज लक्षात ठेवा. एप्रिल-मे मध्ये दुपारी यूपीएसवर भरवसा ठेवून हे काम काढू नये. 'प्रिपेअर फॉर शटडाउन' दाबा, चालू बिल्ड्स संपू द्या, मग सर्व्हिस बंद करा. आणि गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत अर्धी टीम होम मैदानावर असते, तेव्हा तर नकोच.

एपीटीने (लिनक्सवर पॅकेज बसवणाऱ्या साधनाने) पॅकेजच्या सहीची तक्रार करून अपडेट नाकारलं तर रिपॉझिटरी बदलू नका. ती सही तपासायची साइनिंग की मधूनमधून बदलते, २०२३ मध्येही बदलली होती. जुनी की काढून चालू की बसवली की काम होतं.

राहिली प्लगइन्स, म्हणजे जेनकिन्सला जोडलेले जादा भाग. कोअरच्या (खुद्द जेनकिन्सच्या) आधी ती सगळी अपडेट करा आणि कोअरनंतर पुन्हा एकदा बघा. २.४७९.१ मध्ये आतल्या लायब्रऱ्या बदलून जकार्ता ईई ९ आणि स्प्रिंग सिक्युरिटी ६ आल्यामुळे एलडॅप, सॅमल अशी लॉगिनची जुनी प्लगइन्स अडतात आणि आपलीच माणसं बाहेर राहतात. स्क्रीन चालू असेल तर प्लगइनच्या यादीत डाउनग्रेडचं बटण मिळतं. स्क्रीनच येत नसेल तर लॉगमध्ये नाव दिसणाऱ्या प्लगइनच्या जेपीआय फाइलशेजारी, त्याच नावापुढे '.डिसेबल्ड' जोडलेली रिकामी फाइल (हा शब्द अर्थात इंग्रजी स्पेलिंगमध्ये) तयार करा आणि सर्व्हिस पुन्हा सुरू करा.