लस घेतल्यानंतरचा पहिला अर्धा तास

लस टोचल्यानंतर केंद्रावरच अर्धा तास थांबावे, कारण तीव्र ॲलर्जी, म्हणजेच ॲनाफिलॅक्सिस, अत्यंत दुर्मीळ असली तरी बहुधा याच वेळात उद्भवते. अंगावर गांधी उठल्या, ओठ किंवा जीभ सुजली, आवाज घोगरा झाला अथवा धाप लागली, तर परिचारिकेला तत्काळ सांगावे. भीतीने आलेल्या भोवळीत नाडी सहसा मंद असते व आडवे झाल्यावर बरे वाटते. ॲनाफिलॅक्सिसमध्ये ती जलद व क्षीण होते. मांडीच्या बाहेरच्या बाजूस, मध्यभागी, स्नायूत दिलेले ॲड्रिनॅलिन हाच खरा उपचार होय. ॲलर्जीच्या गोळीवर विसंबून वेळ मुळीच दवडू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णाला पाय उंचावून निजवावे, धाप असल्यास बसू द्यावे, मात्र चालवू नये. आराम पडला तरी रुग्णालयात न्यावेच, कारण काही तासांनी लक्षणे पुन्हा उलटू शकतात.