माया संस्कृतीची प्राणीभांडी ओळखताना या चुका टाळा

'माया भांडं' म्हणून फिरणाऱ्या फोटोंत लाल, गुटगुटीत मातीचा कुत्रा हमखास दिसतो. तो माया नव्हेच. हे कुत्रे पश्चिम मेक्सिकोतल्या कोलिमाचे, खोल थडग्यांत ठेवलेले, साधारण इ.स.पू. 300 ते इ.स. 300 या काळातले. माया मुलूख पूर्वेकडे: ग्वाटेमाला, बेलीझ, युकातान.

दुसरी चूक फोटो काढणाऱ्याची. इ.स. 250 ते 600 च्या सुमारास माया कुंभारांनी बरेच प्राणी झाकणावर घडवले. झाकणाच्या मुठीच्या जागी प्राण्याचं डोकं उठावात, आणि पंख किंवा अंग सपाट, नुसतं रंगवलेलं. चोचीत मासा धरलेला पाणपक्षी समोरून पाहिला तर फक्त मान दिसते, पंख वरून पाहिल्याशिवाय कळतच नाहीत. काही जुन्या भांड्यांचे चार पाय म्हणजे पेकरी या रानडुकरासारख्या प्राण्याची मुंडकी, नाक जमिनीला टेकवलेली. तिथे वाकून बघावं लागतं.

चकाकी दिसली की 'ग्लेझ', म्हणजे भाजून चढवलेला काचेचा थर, असं लिहू नका. ही भांडी चाकाविना हाताने घडवलेली. चमक येते ती रंगीत मातीचा लेप घोटल्यामुळे. अपवाद प्लंबेट भांड्यांचा. टर्की, कुत्रे अशा आकारांची ही करडी भांडी साधारण 900 ते 1200 मधली, ग्वाटेमालाच्या पॅसिफिक किनाऱ्याकडची. त्यांचा पृष्ठभाग भाजताना काचेसारखा होतो. नावात शिसं (लॅटिन 'प्लंबम') असलं तरी भांड्यात शिसं नाही!

निळ्या रंगाचं वेगळं. माया निळा म्हणजे नीळ आणि पॅलिगोर्स्काइट ही माती. भांड्यावर तो भाजून झाल्यावर, बहुधा चुन्याच्या पातळ थरावर लावलेला असतो, म्हणून पोपडे धरतो. प्रतिकृती करणाऱ्यांनी तो आधी लावून भट्टीत घातला तर नीळ जळून जाईल.

काठावरची चित्रलिपी म्हणजे खालच्या प्राण्याची गोष्ट, असंही समजू नका. बहुतेकदा तिथे भांडं कोणाचं आणि कशासाठी एवढंच असतं. ग्वाटेमालातल्या रिओ अझुल या माया स्थळाच्या थडग्यात 1984 मध्ये मिळालेल्या झाकणाच्या बरणीवर काकाओ (ज्यापासून चॉकलेट बनतं) असं लिहिलं होतं, आणि आत काकाओचे अंशही सापडले. जग्वारच्या डोक्यावर कमळपान दिसलं, तर तो जंगलातला साधा जग्वार नव्हे, अलौकिक जग्वार समजावा.

विकायला आलेलं भांडं फारच टवटवीत असेल तर मला आधी संशय येतो. लुटलेल्या भांड्यांवर बाजारासाठी नवा रंग चढवल्याची उदाहरणं बरीच आहेत. कुठे, कोणत्या थरात सापडलं याचा कागद नसेल तर ते घेऊ नये.