हापूसची पेटी थेट विकणाऱ्या बागायतदाराने ब्लॉग कसा लिहावा

मार्च उजाडला की थेट ग्राहकाला हापूस पाठवणाऱ्या बागायतदाराचा फोन दिवसभर वाजत राहतो आणि त्यावर बहुतेक तेच ते प्रश्न येतात: आंबे हिरवे का आले, पेटीत किती डझन बसतात, फ्रीजमध्ये ठेवू का, वरून सुंदर दिसणारा आंबा आतून पांढरा कसा निघाला. ब्लॉगसाठी विषय सुचत नाहीत अशी ज्यांची तक्रार असते, त्यांनी गेल्या हंगामातले व्हॉट्सॲपचे निरोप एकदा उघडून पाहावेत. त्यातला प्रत्येक प्रश्न हा एका लेखाचा विषय आहे आणि त्या लेखाचे शीर्षकही शक्यतो ग्राहकाच्याच शब्दांत असावे. ‘आमच्या बागेची गौरवशाली परंपरा’ असे कोणी गुगलवर शोधत नाही. ‘आंबा घरी कसा पिकवायचा’ हे मात्र शोधले जाते.

लेखनाचा हंगाम आणि विक्रीचा हंगाम वेगळे असतात, हे आधी ध्यानात घ्यावे. नव्या संकेतस्थळावरचा लेख शोधात वर दिसू लागायला अनेक आठवडे, कधी काही महिने लागतात. त्यामुळे अक्षय तृतीयेच्या मागणीसाठी उपयोगी पडावा असा लेख एप्रिलमध्ये लिहून हाती काही लागत नाही. तो दिवाळीच्या आसपास, मोहोराची वाट पाहण्याच्या दिवसांत लिहून ठेवावा. हंगामात तोड, प्रतवारी आणि पॅकिंग यांतून मान वर काढायला सवड नसते, तेव्हा रोज चार छायाचित्रे काढून ठेवली तरी पुष्कळ झाले. व्हॉट्सॲपचे स्टेटस चोवीस तासांत जाते, लेख मात्र पुढच्या वर्षीही सापडतो. मेहनत कुठे करायची हे एवढ्यावरून ठरवता येते.

प्रत्यक्ष लेखन कसे असावे, हे एका उदाहरणावरून पाहू. पेटी पोचल्यावर काय करावे, यावरचा लेख बहुतेकजण असा सुरू करतात: ‘फळांचा राजा हापूस हा आपल्या अवीट गोडीसाठी जगभर प्रसिद्ध आहे.’ हे वाक्य कोणत्याही बागेच्या, कोणत्याही दुकानाच्या जाहिरातीत चालेल, म्हणून ते काढून टाकावे. त्याऐवजी असे लिहावे: ‘पेटी आली त्याच दिवशी उघडा. आंबे काढून भाताच्या पेंढ्यावर किंवा कागदावर एका थरात, एकमेकांना दाबणार नाहीत असे मांडा. कच्चा आंबा फ्रीजमध्ये ठेवू नका, तो नीट पिकत नाही. रोज सकाळी एकदा पाहून रंग बदललेले आणि देठाजवळ वास सुटलेले आंबे वेगळे काढा.’ या चार वाक्यांत स्तुतीचा एकही शब्द नाही, तरीही वाचणाऱ्याला हा माणूस अढी लावत, म्हणजे पेंढ्यात आंबे पिकवत, आलेला आहे हे कळते. सोबत पहिल्या, चौथ्या आणि आठव्या दिवशीचा तोच आंबा दाखवणारी तीन छायाचित्रे द्यावीत. ती घरच्या अढीतली असावीत, कुठून तरी उचललेली नकोत.

सर्वांत जास्त कस लागतो तो साक्यावर लिहिताना. कोयीभोवतीचा गर न पिकता पांढरट, स्पंजासारखा राहतो आणि तो बाहेरून ओळखता येत नाही, ही हापूसची जुनी डोकेदुखी आहे. बरेच विक्रेते हा विषय टाळतात आणि मग तक्रार आली की फोनवर गुळमुळीत बोलतात. माझ्या मते साक्यावरचा लेख हाच बागायतदाराचा सर्वांत मोलाचा लेख ठरू शकतो. साका म्हणजे काय, फळ उन्हात तापले की तो का वाढतो, त्यासाठी तुम्ही तोड सकाळी लवकर करता का, फळे झाडावर फार जून होऊ न देता उतरवता का, तोडीनंतर ती लगेच सावलीत नेता का, आणि एवढे करूनही एखादे फळ साक्याचे निघाले तर भरपाई कशी करता, हे स्पष्ट लिहावे. भरपाईची अट लेखात एक आणि फोनवर दुसरी असता कामा नये. दोष आधीच सांगणाऱ्याची बाकीची विधानेही ग्राहक खरी धरतो.

दाव्यांबाबत हात आखडता ठेवलेला बरा. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे येतात. आपली बाग त्यांतल्या कोणत्या गावात आहे आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून, म्हणजे हे मानांकन वापरण्याचा हक्क असलेला म्हणून, आपली नोंदणी झालेली आहे का, हे लिहावे. ‘कार्बाइडमुक्त’ एवढाच शिक्का मारून थांबू नये, कारण कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवण्यावर कायद्याने बंदीच आहे. तुम्ही पेंढ्यात पिकवता की इथिलीन या फळ पिकवणाऱ्या वायूच्या खोलीत, हे सांगण्यात खरी माहिती आहे. आंब्याने अमुक आजार बरा होतो, असले काही तर लिहूच नये.

तांत्रिक बाजू त्या मानाने सोपी आहे. ब्लॉग लिहिण्यासाठी गुगलची ‘ब्लॉगर’ ही सेवा फुकट मिळते. वर्डप्रेस ही संकेतस्थळ बांधण्याची प्रणाली आपल्या नावाच्या डोमेनवर, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्यावर, चढवली तर थोडा वार्षिक खर्च येतो, पण पत्ता आपल्या मालकीचा राहतो. मराठी वाचक देवनागरीत शोधतो तसा रोमन लिपीतही शोधतो, म्हणून पानाच्या वर्णनात रोमन लिपीतले शब्दही एकदा येऊ द्यावेत. लेखाच्या शेवटी भाव, पेटीतील डझन, फळाचे वजन, कोणत्या शहरांत पाठवता आणि मागणी नोंदवण्याचा क्रमांक द्यावा. जुन्या हंगामाचा भाव पानावर तसाच राहिला की नव्या हंगामाची पहिली वादावादी तिथूनच सुरू होते, म्हणून भावाची ओळ तारखेसह लिहावी.

लेखांचा उपयोग होतो की नाही, हे भेटींच्या आकड्यावरून फारसे कळत नाही. गुगल सर्च कन्सोल फुकट असून कोणते शब्द शोधून लोक आपल्या पानापर्यंत आले, हे त्यात दिसते; त्यात न लिहिलेला एखादा प्रश्न सापडला की पुढचा लेख तयार. त्याशिवाय मागणीच्या वहीत ‘आमचा पत्ता कुठून मिळाला’ असा एक रकाना आखावा आणि फोन घेणाऱ्या घरच्या प्रत्येकाला तो भरायला लावावा.