पानगळीतलं अंगण: थंड देशात पहिल्या वर्षी येणाऱ्यांसाठी

आपल्याकडे पानगळ कोरड्या दिवसांत होते. पानं वाळून कुरकुरीत राहतात, खराट्यानं आज नाही तर पुढच्या आठवड्यात झाडली तरी चालतात. थंड देशांत पानं पडतात ती दमट, पावसाळी हवेत, आणि मागोमाग बर्फ येतो. म्हणून या कामाला मुदत आहे: बर्फ साचून राहायला लागण्यापूर्वी. भिजलेली पानं एकमेकांना चिकटून गवतावर पुठ्ठ्यासारखी बसतात. खाली ना उजेड पोचत, ना हवा. त्यावर बर्फ साचला की गवताला बुरशी धरते आणि वसंतात तिथे वाळक्या गवताचे गोल चट्टे उघडे पडतात.

गवताला त्रास होतो तो जाड, ओल्या थराचा. सुट्या, बारीक पानांचा होत नाही. उलट ती कुजून मातीत मिसळली तर मातीचं भलंच होतं. त्यामुळे पिशव्या भरभरून सगळं बाहेर काढण्याची नव्या घरमालकांची धडपड बहुतेक वेळा अनाठायी असते. बरीचशी पानं जागच्या जागी जिरवता येतात.

त्यासाठी गवत कापायचा मोवर पुरतो. मागची पिशवी काढा, मल्चिंगची खुंटी (कापलेला माल बाहेर पडायचं तोंड बंद करणारं बूच) असेल तर लावा, पात्याची उंची ३ इंच म्हणजे सुमारे साडेसात सेंटीमीटर ठेवा आणि पानं कोरडी असताना दुपारी चालवा. सकाळी दव असतं. एक फेरी उभी, दुसरी आडवी, चाल नेहमीपेक्षा सावकाश. तुकडे नखाएवढे व्हायला हवेत. झाल्यावर तिथेच उभं राहून पायाशी बघा: गवताची पाती तुकड्यांमधून वर आलेली दिसली तर ठीक. निम्म्याहून जास्त गवत झाकलं गेलं असेल, तर तेवढी पानं उचलावीच लागतील. बोथट पातं पानं कापत नाही, नुसती उडवतं. हंगामाआधी धार लावून घ्या. ओली पानं पात्याच्या वरच्या पोकळीत लगदा होऊन बसतात. तो काढायला हात घालण्यापूर्वी मोवर बंद करून बॅटरी काढा किंवा स्पार्क प्लगची वायर सोडवा. पेट्रोलचा मोवर कलता करताना एअर फिल्टरची बाजू वर ठेवा, नाहीतर इंजिनातलं ऑइल त्या एअर फिल्टरमध्ये उतरतं.

शेवटचं पान पडेपर्यंत थांबू नका, आणि रोजही झाडू नका. मेपल, बर्च लवकर रिकामे होतात. ओक आणि बीच काही पानं हिवाळ्यातही धरून ठेवतात. हंगामात तीन-चार फेऱ्या धरून चला.

उचलायची पानं पंख्याच्या आकाराच्या, लवचिक दातांच्या दाताळ्यानं ओढा. ताठ लोखंडी दातांचं दाताळं मातीसाठी असतं, त्यानं गवत मुळासकट येतं. ८ बाय १० फुटांची ताडपत्री जमिनीवर पसरा, पानं वाऱ्याच्या दिशेनं तिच्यावर ओढत आणा, चारही कोपरे एकत्र धरून फरफटत न्या. ब्लोअर, म्हणजे हवेच्या झोतानं पानं ढकलणारं यंत्र, कोरड्या पानांसाठी चांगला, पण कानांना संरक्षण हवं. काम करताना हातमोजे घाला, पँटचे पाय मोज्यांत खोचा आणि नंतर अंग तपासा. पानांच्या ढिगात गोचीड असतात.

पानं कधी, कशी उचलली जातात याचे नियम प्रत्येक गावाचे वेगळे. कुठे कागदी पिशव्याच चालतात, कुठे रस्त्याकडेला ढीग करायला सांगतात, कुठे तेच केलं तर दंड. जाळणं बऱ्याच ठिकाणी बंद आहे. रस्त्यावरच्या ड्रेनच्या जाळीत पानं लोटू नका: पाणी तुंबतं, आणि पानांतलं फॉस्फरस वाहत जाऊन तळ्यांत शेवाळ माजतं. वाळक्या पानांच्या ढिगावर गाडी उभी करू नका. गाडीखालचा तापलेला एक्झॉस्ट पानं पेटवू शकतो.

जागा असेल तर खत करा. कंपोस्टला तीन भाग पानं आणि एक भाग हिरवा माल, म्हणजे भाजीची सालं किंवा कापलेलं गवत, असं मापानं घाला. ढीग लांबी, रुंदी, उंचीला साधारण एक मीटर हवा, त्याहून लहान ढीग तापत नाही. मूठभर माल दाबला की एखाद-दुसरा थेंब निघावा. धार लागली तर जास्त ओला, भुसभुशीत राहिला तर कोरडा. नुसत्या पानांचं खत करायचं तर तारेच्या जाळीचं मीटरभर रुंद कडं करून त्यात पानं भिजवून दाबा. अख्ख्या पानांना एक ते दोन वर्षं लागतात, तुकड्यांना त्याहून कमी. झुडपांखाली दोन-तीन इंच पानं राहू द्या. कितीतरी कीटक, फुलपाखरंसुद्धा, हिवाळा त्यांत काढतात. फक्त खोडाला टेकवू नका, साल कुजते.

पायऱ्या आणि चालायची वाट मात्र लगेच साफ करा, ओलं पान बर्फाइतकंच निसरडं. घर गरम करणाऱ्या भट्टीच्या आणि कपडे वाळवायच्या ड्रायरच्या बाहेर निघणाऱ्या नळ्यांच्या तोंडाशी पानं साचू देऊ नका. भट्टीची नळी कोंडली तर कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो, आणि त्याला वास नसतो.

छताच्या पन्हळी झाडं रिकामी झाल्यावर साफ करा, आधी केल्या तर पुन्हा भरतात. तुंबलेल्या पन्हळीतलं पाणी भिंतीलगत सांडून घराच्या पायाशी मुरतं आणि गोठलं की पन्हळ ओढून खाली आणतं. शिडी धरायला दुसरं माणूस हवंच. पानं काढून झाली की बागेच्या पाइपनं पाणी सोडून उभ्या नळीतून खाली नीट येतं का पाहा. नंतर पाइप नळावरून काढा, बाहेरच्या नळाचा आतला कॉक बंद करा आणि बाहेरचा नळ उघडा ठेवून उरलेलं पाणी वाहून जाऊ द्या, नाहीतर ते भिंतीतच गोठून पाइप फुटतो.