आगोटीच्या कामांत शेअरचं कामही उरकून घ्या

मे उतरायला लागला की दापोलीपासून हर्णै-आंजर्ल्यापर्यंत सगळ्यांची आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या तयारीची, एकच घाई असते, कौलं चाळून घ्या, लाकूडफाटा आत टाका, सुकी मासळी भरा, आणि नेमके त्याच दिवसांत मुंबईचे चाकरमानी घरी असतात त्यामुळे रात्री जेवणं झाली की शेअरचा विषय निघतोच. हा घेऊ का, तो विकू का, मार्केट अजून पडेल का, हे तीन प्रश्न फिरून फिरून. माझं म्हणणं एवढंच की हे तिन्ही नंतरचे प्रश्न आहेत. आपल्याकडचा पैसा पगारासारखा एक तारखेला येत नाही. आंब्याचा मेपर्यंत येतो, होड्या मासेमारी बंदीमुळे १ जूनला बंद होतात त्या ३१ जुलैपर्यंत, होमस्टेवाल्यांचं गिऱ्हाईक पाऊस धरला की आटतं, म्हणजे येणं थांबतं आणि देणं काही थांबत नाही. तेव्हा पहिला प्रश्न हा, की पावसाळ्यात पैशाची नड लागून शेअर विकायची पाळी तर येणार नाही ना? ह्याचं उत्तर आलं की बाकीची यादी आपोआप लागत जाते.

म्हणून पहिलं काम मोबाइलवरचं नाही, वहीतलं. जून ते दिवाळी काय काय द्यायचंय ते लिहून काढा. बागवाल्यांचं खत, जुलै-ऑगस्टात कल्टार (मोहोरासाठी आंब्याला घालतात ते औषध), पुढे मोहोराच्या फवारण्या, गडीमाणसांची मजुरी. होडीवाल्यांची डागडुजी, जाळी, खलाशांची उचल, ऑगस्टात निघायचं तर डिझेल आणि बर्फ. शिवाय पोरांच्या फिया, गणपतीचा खर्च (तो दरवर्षी कमी धरला जातो, जरा हात सैल सोडून लिहा), आणि घरात म्हातारं माणूस असेल तर दवाखान्याची वेगळी रक्कम. वाशीच्या दलालाची पट्टी (विक्रीचा हिशेब आणि पैसे) अजून यायची असेल तर ती आली असं धरून चालू नका. जो आकडा निघेल तो शेअरमध्ये नको आणि इक्विटी फंडातही (शेअरमध्येच पैसे घालणारा म्युच्युअल फंड) नको, बचत खातं, एफडी, फार तर लिक्विड फंड (पैसे लवकर काढता येणारा, शेअरमध्ये न जाणारा). आणि इथे एक गोष्ट बघून घ्या, बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेमागे ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, सहकारी बँकांनाही ते असतं, पण पतसंस्थेला ते नाही. अर्धा टक्का व्याज जास्त मिळतं म्हणून सगळी बेगमी पतसंस्थेत ठेवलेली असेल तर ती जरा विभागून टाका.

हे मी एवढं ताणून का सांगतोय ते २०२० आठवलं तर कळेल. जानेवारीत सेन्सेक्स ४२ हजाराच्या वर गेलेला, २३ मार्चला एका दिवसात ३,९३४ पॉइंट पडून २६ हजाराच्या खाली बंद झाला. २५ मार्चला पाडवा आणि त्याच दिवशी लॉकडाऊन सुरू, म्हणजे आंब्याच्या पेट्या भरायच्या ऐन वेळी गाड्यांचे वांधे. त्यातून कसंबसं निभावतोय तोवर ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोली इकडच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या, पत्रे उडाले, कित्येक गावांत लाईट नाही की रेंज नाही. मार्केट, धंदा आणि घर तिन्हीवर एकाच हंगामात घाव. त्या आठवड्यात सेन्सेक्स ३४ हजाराच्या आसपास होता आणि डिसेंबर संपताना ४७ हजाराच्या वर. ज्याला पत्र्यांसाठी जूनमध्ये शेअर मोडावे लागले तो त्या चढाला मुकला, ज्याच्याकडे सहा महिन्यांची रोकड बाजूला होती त्याने काही हुशारी केली नाही तरी त्याचं भरून आलं. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ. त्यामुळे पुस्तकात 'तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा' असं लिहिलेलं असतं ना, ते नोकरदारांसाठी ठीक आहे, किनाऱ्यावरच्या माणसाने सहा धरावेत, बाग किंवा होडी असेल तर अजून थोडे जास्त.

रोकड बाजूला काढली की मग आपल्याकडे नक्की आहे काय ते एका कागदावर आणा. लोकांना खरंच माहीत नसतं, कारण एक डिमॅट (शेअर कागदाऐवजी कॉम्प्युटरवर ठेवायचं खातं) बँकेने उघडून दिलेलं, एक ॲपवरचं, एक आयपीओसाठी, म्हणजे कंपनीच्या पहिल्या शेअरविक्रीसाठी, बायकोच्या नावाने, आणि फंड वेगळेच. त्यासाठी सीएएस नावाचं एकत्रित स्टेटमेंट असतं, एनएसडीएल किंवा सीडीएसएल (डिमॅटमधले शेअर ज्यांच्याकडे जमा असतात त्या दोन संस्था) यांच्याकडून ज्याच्या-त्याच्या पॅनवर येतं, त्यात डिमॅटमधले शेअर आणि म्युच्युअल फंड सगळे एका ठिकाणी दिसतात. ते काढा आणि प्रिंट मारा. एकाच माणसाची तीन-चार डिमॅट असतील तर जास्तीची बंद करा, फुकट मेंटेनन्स चार्ज जातो. एकच खातं असेल आणि त्यात ४ लाखांपर्यंतचाच माल असेल तर ते बेसिक खात्यात बसतं, त्याला १ सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचा चार्ज शून्य आहे आणि १० लाखांपर्यंत १०० रुपये, तेव्हा आपल्याला किती लावतात ते बघा आणि विचारा.

आणि ट्रंक उघडा. गिरणीत नाहीतर गोदीत असलेल्या आजोबांनी घेतलेली कागदी सर्टिफिकिटं अजून बऱ्याच घरांत आहेत, वाळवीने खायच्या आत ती बाहेर काढा. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर विकून ट्रान्सफर होत नाहीत, आधी डिमॅट करायला लागतात, मालक वारला असेल तर वारसाच्या नावावर करायचं ते वेगळं काम आहे आणि ते अजूनही होतं. सलग सात वर्षं डिव्हिडंड (कंपनीच्या नफ्यातला वाटा) कोणी उचलला नसेल तर शेअर सरकारच्या आयईपीएफ फंडात जातात. गेले म्हणजे बुडाले असं नाही, अर्ज करून परत मिळतात, फक्त चिकाटी लागते आणि आजोबांच्या नावाचं स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेचं असेल तर ॲफिडेव्हिट लागतं. दाखले गोळा करायला तालुक्याला खेपा होणार, त्या पावसाआधी झालेल्या बऱ्या.

आता कागद समोर आला की तो नेहमीचा प्रश्न, किती शेअर असावेत? ह्याला पंधरा की वीस असं एक उत्तर नाही. मी उलटं विचारतो, कितींचा तिमाही निकाल तुम्ही खरंच वाचता? वाचत नसाल तर पाचही जास्त आहेत आणि सरळ इंडेक्स फंड (निफ्टीसारख्या निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्या आपोआप घेणारा) बरा, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. प्रत्येक शेअरसमोर एका ओळीत लिहा की हा का घेतला. कंपनी काय विकते, कर्ज किती, प्रवर्तकांनी (कंपनी चालवणाऱ्या मूळ मालकांनी) शेअर गहाण ठेवलेत का, एवढं जरी लिहिता आलं तरी पुरे. 'मेहुणे म्हणाले' एवढंच लिहिता येत असेल तर त्या नावावर पेन्सिलीने खूण करा. आयपीओत लागलेले आणि लिस्टिंगला (बाजारात आले त्या दिवशी) विकायचे राहून गेलेले दोन-चार-दहा शेअर असतात त्यांचं तर कारणच नसतं, ते साफ करायला काहीच हरकत नाही.

नग मोजण्यापेक्षा वजन मोजा. वीस नावं असून पण निम्मा पैसा एकाच कंपनीत असतो, बऱ्याचदा ज्या कंपनीत नोकरी केली तिच्यातच. किंवा तीन बँकांचे शेअर, वर बँकिंग फंड, वर निफ्टीचा इंडेक्स फंड, आणि निफ्टीत मुळातच बँका-फायनान्स साधारण एक तृतीयांश, म्हणजे सगळं एकाच फांदीवर बसलेलं. एका शेअरचं वजन दहा टक्क्यांच्या वर गेलं की मी तरी थांबून विचार करतो, कमी करायलाच पाहिजे असं नाही पण विचार करतो. आणि आपल्या भागासाठी खास, मुरुडला होमस्टे चालवणाऱ्याने हॉटेल-टुरिझमचे शेअर भरायचे म्हणजे वादळ किंवा साथ आली की घरचं गिऱ्हाईक आणि शेअर दोन्ही एकदम खाली. तुमचं पोट ज्याच्यावर चालतं त्यात आधीच तुमची मोठी गुंतवणूक आहे, पोर्टफोलिओ त्याच्यापासून लांब असू दे.

पडलेल्या शेअरचं काय करायचं हा त्याच्याखालोखालचा प्रश्न. 'भाव परत आला की विकतो' असं म्हणत लोक वर्षं काढतात. ५० टक्के पडलेला शेअर मूळ भावाला यायला १०० टक्के वाढावा लागतो, आणि ८० टक्के पडलेला तर पाचपट व्हावा लागतो, हा साधा हिशेब आधी करा. मग स्वतःला विचारा की आज हातात तेवढीच रोकड असती तर हाच शेअर घेतला असता का. नाही असं उत्तर आलं तर ॲव्हरेज करायचा, म्हणजे पडल्या भावात आणखी घेऊन सरासरी उतरवायचा, प्रश्नच नाही. विकून झालेला तोटा नफ्यातून वजा होतो आणि उरलेला पुढची ८ वर्षं ओढता येतो, पण इन्कम टॅक्सचा रिटर्न मुदतीत भरला तरच, म्हणजे साधारण ३१ जुलै डोक्यात ठेवा.

टॅक्सचं थोडक्यात. लिस्टेड शेअर १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवून विकला तर वर्षाच्या सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के, त्याच्या आत विकला तर २० टक्के, हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे. सव्वा लाखाची सूट वापरायची असेल तर ते काम मेचं नाही मार्चचं, वहीत पुढच्या मार्चच्या पानावर लिहून ठेवा. वडिलांकडून आलेले शेअर असतील तर खरेदी किंमत आणि मुदत दोन्ही वडिलांचीच धरतात, आणि ३१ जानेवारी २०१८ च्या आधीची खरेदी असेल तर त्या दिवसाचा भावही हिशेबात येतो, म्हणून जुन्या कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरच्या खरेदी-विक्रीच्या पावत्या) टाकू नका. २०२३ मध्ये रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली तसं काही झालेलं असेल तर मूळ किंमत दोन्हीकडे वाटली जाते, फुकट मिळालेला शेअर असं समजून रिटर्न भरू नका. डिव्हिडंड उत्पन्नात धरला जातो. आंब्याचं उत्पन्न करमुक्त खरं पण बाकीचं उत्पन्न करपात्र असेल तर दर ठरवताना ते मध्ये येतं, हे सीएला आधीच सांगा, नंतर नोटीस आल्यावर नको.

नवीन पैसा कसा घालायचा ह्यात मात्र आपल्याकडे घोळ होतो. सगळे सांगतात दर महिन्याला एसआयपी, म्हणजे खात्यातून ठरलेली रक्कम आपोआप फंडात, आणि आपण १० हजाराची लावतो, मग ऑगस्टात खात्यात पैसे नसतात, मँडेट (बँकेला पैसे कापायची दिलेली परवानगी) बाउन्स, बँकेचा दंड, आणि दोन-तीनदा झालं की एसआयपीच बंद. त्यापेक्षा हंगामाचा पैसा आला की वर्षाची रक्कम ठरवून लिक्विड फंडात टाका आणि तिथून दर महिन्याला इक्विटी फंडात जाईल अशी एसटीपी लावा, फक्त दोन्ही फंड एकाच कंपनीचे लागतात. थेट शेअर घेणाऱ्याने तीच रक्कम चार-पाच वेळात घालावी. एकदम सगळी घातली तर चुकलंच असं नाही, कधी कधी तेच फायद्याचं ठरतं, पण जून-जुलैत १५ टक्के पडलं तर झोप लागेल का ते आपलं आपण ओळखावं.

ऑप्शनबद्दल, म्हणजे शेअर न घेता पुढच्या भावावर केलेल्या सौद्यांबद्दल, कोणी विचारलं तर मी फक्त सेबीचा (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) आकडा सांगतो, २०२२ ते २०२४ ह्या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर आणि ऑप्शन) करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात. बंदीच्या दोन महिन्यांत रिकामे बसलोय म्हणून हे चालू करणारे मला माहितीयत, रिकामा वेळ असेल तर जाळी विणा. टेलिग्रामवर टिप देणाऱ्याचा सेबी नोंदणी नंबर मागा, सल्लागार असेल तर तो आयएनए पासून आणि रिसर्च ॲनालिस्ट असेल तर आयएनएच पासून सुरू होतो, सेबीच्या साइटवर तपासा, आणि 'नक्की इतके टक्के' म्हणाला तर नंबर मागायचीही गरज नाही.

राहिली कागदपत्रं. नॉमिनी आहे का ते प्रत्येक खात्यात उघडून बघा, लग्नाआधी आईचं नाव टाकलेलं तसंच राहिलेलं असतं. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, शेअर त्याच्या हातात येतात पण हक्क वारसांचा, सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलंय, म्हणून भावंडांत जमिनीवरून आधीच तणतण असेल तर मृत्युपत्रात शेअरचाही उल्लेख करा. डीडीपीआय (विकलेले शेअर खात्यातून उचलायची ब्रोकरला दिलेली लेखी परवानगी) दिलेलं नसेल तर शेअर विकताना टीपिन (डिमॅटचा पिन नंबर) आणि ओटीपी लागतो, जुलैत लाईट जाऊन टॉवर बंद पडला की ओटीपी येत नाही, तेव्हा डीडीपीआय ह्याच महिन्यात सही करून टाका किंवा निदान खात्याला जोडलेला नंबर घरात रेंज पकडणाऱ्या कंपनीचा आहे ना ते बघा. खात्याचा ईमेल बहुतेकांना मुलाने नाहीतर भाच्याने काढून दिलेला असतो, पासवर्ड त्यालाच माहीत, सीएएस आणि डिव्हिडंडची पत्रं सगळी तिथेच जातात आणि तो बघत पण नाही. तो खेडला गाडी पकडायला निघायच्या आत त्याला समोर बसवून पासवर्ड बदलून घ्या आणि रिकव्हरीला स्वतःचा नंबर टाका.